लुई पाश्चर : श्वानदंशाच्या भयातून जगाला सोडविणारा शास्त्रज्ञ

जगाच्या इतिहासात ज्यांची नावे अजरामर झाली, त्यांत राज्ये जिंकणारे पुष्कळ आहेत. त्यांचे पुतळे चौकाचौकांत उभे असतात आणि त्यांच्या लढायांच्या सनावळ्या आपण परीक्षेसाठी पाठ करतो. परंतु ज्याच्या परिश्रमामुळे आपल्या आळीतले एखादे पोर आज हसत-खेळत आहे, अशा पुरुषाचे नाव त्या पोराच्या आईबापांनाही बहुधा ठाऊक नसते. लुई पाश्चर हा अशाच पुरुषांपैकी एक होय. दुधाच्या पिशवीवर 'पाश्चराइज्ड' हा शब्द आपण रोज वाचतो. तो शब्द याच्याच नावावरून आला. तथापि त्याच्या कार्याचा कळस म्हणावा असे कार्य निराळे आहे. पिसाळलेला कुत्रा चावला म्हणजे मृत्यू ठरलेलाच, ही मानवजातीची हजारो वर्षांची समजूत त्याने खोटी ठरविली. आमचे चलथाण हे ऊसमळ्यांचे आणि साखर कारखान्याचे गाव. येथे रस्त्यात, शेतात, तोडणीकामगारांच्या पडावांत कुत्र्यांचा सहवास सर्वांनाच आहे. म्हणून या थोर शास्त्रज्ञाचे चरित्र आमच्या विद्यार्थिमित्रांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

बालपण

लुई पाश्चरचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्सच्या पूर्व भागातील डोल या गावी झाला. त्याचा पिता कातडी कमावण्याचा धंदा करीत असे. तरुणपणी तो नेपोलियनच्या सैन्यात होता. घरची स्थिती बेताची होती. परंतु मुलाने चांगले शिकावे ही त्या मातापित्यांची मोठी आकांक्षा होती. पुढे हे कुटुंब आर्ब्वा या लहानशा गावी स्थायिक झाले आणि लुईचे बालपण तेथेच गेले.

शाळेत तो फारसा चमकला नाही. त्याला चित्रकलेचा नाद होता. आईची, वडिलांची, शेजाऱ्यापाजाऱ्यांची त्याने रंगीत खडूंनी काढलेली चित्रे आजही जपून ठेविलेली आहेत. समोरची वस्तू जशी आहे तशीच पाहावयाची, आपल्या मनाप्रमाणे नव्हे, ही सवय त्याला या चित्रकलेने लावली असे म्हटल्यास वावगे होणार नाही. पुढे सूक्ष्मदर्शक यंत्रातून पाहताना हीच सवय त्याच्या कामी आली.

तो सुमारे नऊ वर्षांचा असताना, १८३१ साली, एक पिसाळलेला लांडगा त्या पंचक्रोशीत शिरला आणि त्याने अनेक माणसांना चावे घेतले. त्या काळी या व्याधीवर एकच उपाय ठाऊक होता. तो म्हणजे लोहाराच्या भट्टीत सळई लाल करून ती जखमेत खुपसणे. पाश्चरच्या घराजवळच्या लोहाराकडे अशा दुर्दैवी माणसांना आणीत. त्यांचे आक्रोश त्या बालकाच्या कानी पडले. इतके यातनामय उपचार होऊनही चावलेल्यांपैकी कित्येकजण तडफडून मेले. या घटनेनंतर तब्बल अर्धशतकाने याच बालकाच्या हातून त्या रोगावर उपाय निघावयाचा होता.

विद्यार्थिदशा

वयाच्या सोळाव्या वर्षी त्याला शिक्षणासाठी पॅरिसला पाठविण्यात आले. परंतु घरची आठवण येऊन तो इतका व्याकूळ झाला की वडिलांना त्याला परत आणावे लागले. वसतिगृहात राहून शिकणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी ही गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी. घराच्या ओढीने रडणारा मुलगा दुबळाच निघतो असे नाही. काही दिवसांनी त्याने पुन्हा नेटाने अभ्यासास प्रारंभ केला. पॅरिसच्या एकोल नोर्माल या नामांकित अध्यापक-विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेत तो पहिल्या खेपेस उत्तीर्ण झाला. परंतु आपला क्रमांक त्याला समाधानकारक वाटला नाही. त्याने प्रवेश नाकारला, आणखी एक वर्ष अभ्यास केला आणि १८४३ साली वरचा क्रमांक मिळवून तो तेथे दाखल झाला.

रसायनशास्त्र हा त्याचा विषय. चिंचेत व द्राक्षांत जे टार्टारिक आम्ल असते, त्याच्या क्षारांचे स्फटिक तपासताना १८४८ साली त्याला आढळले की काही स्फटिक उजव्या हातासारखे, तर काही डाव्या हातासारखे आहेत. आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे ते एकमेकांच्या उलट होते. चिमट्याने एकेक स्फटिक वेचून त्याने दोन ढीग केले आणि दोहोंचे गुणधर्म प्रकाशाच्या साहाय्याने निरनिराळे असल्याचे सिद्ध केले. त्या वेळी त्याचे वय अवघे पंचवीस होते. १८४९ साली स्ट्रासबुर्ग येथे अध्यापक असताना त्याचा विवाह मारी लॉरां हिच्याशी झाला. ही साध्वी जन्मभर त्याची सहकारिणी होऊन राहिली. तो सांगे आणि ती रात्री बसून त्याचे निबंध लिहून काढी. त्यांना पाच अपत्ये झाली, त्यांपैकी तीन मुली लहानपणीच वारल्या. दोघींना विषमज्वराने नेले. ज्या रोगांचे मूळ आपण शोधीत आहोत तेच रोग आपल्या घरात शिरून पोटच्या पोरी नेतात, हे दुःख किती दारुण असेल याची कल्पनाच करावी.

आंबणे, नासणे आणि सूक्ष्म जीव

१८५४ साली पाश्चर लील या औद्योगिक शहरी गेला. तेथे बीट या कंदाच्या रसापासून मद्यार्क काढण्याचे कारखाने होते. एका कारखानदाराच्या पिंपांतील रस आंबण्याऐवजी नासून आंबट होऊ लागला. पाश्चरने चांगल्या पिंपांतील आणि बिघडलेल्या पिंपांतील थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. चांगल्या पिंपांत किण्वाचे गोल कण दिसले, तर बिघडलेल्यांत काडीसारखे बारीक जीव वळवळत होते. ऊसाचा रस फार वेळ उघडा राहिला म्हणजे काय होते, हे चलथाणच्या मुलांस सांगावयास नको. ती क्रिया केवळ रासायनिक नसून सजीवांची करणी आहे, हे पाश्चरने दाखविले.

हे जीव कोठून येतात? आपोआप निर्माण होतात, असे तेव्हा पुष्कळ विद्वान मानीत. पाश्चरने हंसाच्या मानेसारख्या लांब, वाकड्या नळीचे चंबू तयार करविले आणि त्यांत पोषक रस उकळून ठेविला. हवा आत जाई, पण धूळ नळीच्या वळणात अडके. त्यामुळे रस महिनोन्‌महिने नासला नाही. चंबू तिरपा करून रस त्या धुळीस लावताच मात्र तो थोड्याच दिवसांत नासला. जीवापासूनच जीव उत्पन्न होतो, हा सिद्धांत या साध्या प्रयोगाने दृढ झाला. द्राक्षासव मंद उष्णतेवर काही काळ तापविले तर त्यातील घातक जीव मरतात हेही त्याने दाखविले. तीच रीत पुढे दुधास लागू झाली.

१८६५ साली फ्रान्सच्या दक्षिण भागातील रेशमाच्या किड्यांवर साथ पसरली होती आणि शेकडो कुटुंबे धुळीस मिळाली होती. पाश्चरने तोवर रेशमाचा किडा हातात धरून पाहिलाही नव्हता. तरी तो तेथे गेला आणि पाच वर्षे राबला. अंडी घातल्यावर मादी-पतंगाचे शरीर खलून त्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा, त्यात रोगाचे कण आढळल्यास तिची सर्व अंडी जाळून टाकावीत, ही त्याने बसविलेली पद्धत होय. रोगाची लक्षणे दिसण्यापूर्वीच रोग ओळखावयाचा, हे तत्त्व येथे प्रथम व्यवहारात आले. जर आणि कापडासाठी प्रसिद्ध असलेल्या सुरतेच्या परिसरात राहणाऱ्या आम्हांस या शोधाचे मोल सहज कळावे. याच काळात, १८६८ साली, त्याला अर्धांगवायूचा झटका आला आणि त्याची डावी बाजू कायमची दुर्बल झाली. त्याचे वय तेव्हा पंचेचाळीस होते. एखादा दुसरा असता तर निवृत्त झाला असता. पाश्चरची सर्वांत मोठी कामे या आजारानंतरची आहेत.

लस म्हणजे काय?

इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नर याने १७९६ साली गाईच्या देवीचा द्राव टोचून माणसाला देवीच्या रोगापासून वाचविता येते हे दाखविले होते. मुंबईत १८०२ साली अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ही लस टोचण्यात आली आणि हिंदुस्थानात ती यशस्वी झालेली हीच पहिली व्यक्ती. परंतु हा उपाय निसर्गाने आयता दिलेला होता. इतर रोगांवर अशी लस मानवाला आपल्या हातांनी बनविता येईल काय, हा प्रश्न पाश्चरने विचारला.

कोंबड्यांच्या पटकीवर प्रयोग चालू असताना त्याला उत्तर सापडले. बरेच दिवस पडून राहिलेले जंतू टोचल्यावर कोंबड्या किंचित आजारी पडून बऱ्या झाल्या आणि पुढे ताजे, जहाल जंतू टोचले तरी त्या मेल्या नाहीत. दुर्बळ केलेला शत्रू शरीराला लढाईचे शिक्षण देतो, असा याचा अर्थ. १८८१ च्या मे महिन्यात पुयी-ल-फोर येथे त्याने काळपुळीच्या रोगावर जाहीर प्रयोग केला. पन्नास जनावरांपैकी निम्म्यांना लस दिली आणि नंतर सर्वांना रोगाचे जहाल जंतू टोचले. जूनच्या आरंभी जमलेल्या जनसमुदायाने पाहिले, तो लस दिलेली मेंढरे चरत होती आणि लस न दिलेली मरून पडली होती. जेन्नरच्या गौरवार्थ अशा सर्व उपायांना गाईच्या लॅटिन नावावरून 'वॅक्सिन' म्हणावे, असे पाश्चरनेच सुचविले.

न दिसणाऱ्या शत्रूचा पाठलाग

आता आम्ही या चरित्रातील मुख्य भागाकडे वळतो. गुजराती बांधव ज्याला हडकवा म्हणतात, डॉक्टर ज्याला रेबीज म्हणतात, तो रोग पिसाळलेल्या जनावराच्या लाळेतून चाव्यावाटे माणसाच्या देहात शिरतो. चावल्यानंतर पुष्कळ दिवस काहीच होत नाही. जखम भरून येते, मूल खेळू लागते, घरची माणसे निर्धास्त होतात. साधारणतः दोन-तीन महिन्यांनी, कधी आठवड्यातच तर कधी वर्षानेही, रोग प्रकट होतो. ताप, बेचैनी, पाण्याचा घोट घेताना घशाचे भयंकर आचके, आणि अखेर मृत्यू. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगातून वाचलेली माणसे जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच सापडतील.

१८८० च्या अखेरीस पाश्चरने हा प्रश्न हाती घेतला. एका पशुवैद्याने त्याला दोन पिसाळलेले कुत्रे दिले. पिंजऱ्यात कोंडलेल्या अशा कुत्र्याच्या तोंडातून लाळ काढणे म्हणजे मृत्यूच्या दारात हात घालणेच होते. परंतु लाळेत नाना प्रकारचे जंतू असतात. त्यांत खरा अपराधी कोणता ते कळेना. सूक्ष्मदर्शकाखाली काहीच सापडेना, आणि चंबूतील रसात तो वाढेना. ज्याला आज आपण विषाणू म्हणतो, तो साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसूच शकत नाही, हे त्या वेळी कोणालाच माहीत नव्हते.

मग न दिसणारा शत्रू हुडकावा कसा? रोगाची लक्षणे मेंदूची आहेत, तेव्हा विष मेंदूत व मज्जारज्जूत असले पाहिजे, असे पाश्चरने अनुमान केले. त्याचा सहकारी एमिल रू याने सुचविले की कुत्र्याच्या कवटीला छोटे छिद्र पाडून रोगट मेंदूचा अंश थेट आत टोचावा. पाश्चरला ही कल्पना रुचेना. मुक्या प्राण्याला यातना देणे त्याच्या जिवावर येई. रूने कुत्र्याला गुंगीचे औषध देऊन ते काम केले. दुसऱ्या दिवशी पाश्चरने येऊन पाहिले तो कुत्रा खोलीत हिंडत होता. तेव्हा कोठे त्याचे मन निवळले. या रीतीने टोचलेल्या प्रत्येक जनावरास रोग ठराविक दिवसांत होऊ लागला. म्हणजे जनावराचे शरीर हेच या विषाणूचे शोधयंत्र झाले! एखादा कुत्रा पिसाळला होता की नाही, याचा निश्चित निर्णय देण्याची ही पहिली रीत होय.

यानंतर त्याने हे विष सशांमध्ये एकाकडून दुसऱ्याकडे असे पुष्कळदा नेले. प्रत्येक सशागणिक ते सशांना अधिक जहाल होत गेले. सरतेशेवटी टोचल्यापासून रोग दिसेपर्यंतचा काळ सात दिवसांवर येऊन स्थिर झाला. उलट माकडांमधून नेले असता तेच विष कुत्र्यांना सौम्य होत जाई. एका जातीच्या प्राण्यातून दुसऱ्या जातीच्या प्राण्यात जाताना विषाणूचा स्वभाव पालटतो, ही फार मोठी गोष्ट या प्रयोगांतून दिसून आली. मेलेल्या सशाचा मज्जारज्जू कोरड्या हवेच्या बाटलीत टांगून ठेवला, तर दिवसेंदिवस त्याची विषारी शक्ती कमी होते आणि सुमारे पंधरा दिवसांनी तो निरुपद्रवी होतो, हेही सिद्ध झाले. पाश्चरने कुत्र्यांना आधी सर्वांत जुना, मग क्रमाक्रमाने ताजा असा मज्जारज्जूचा द्राव टोचला. अशा कुत्र्यांना पुढे पिसाळलेला कुत्रा चावला तरी त्यांना रोग झाला नाही.

जोसेफ मेस्टर

६ जुलै १८८५ रोजी आल्सास प्रांतातून एक माता आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन पाश्चरच्या प्रयोगशाळेच्या दारी आली. मुलाचे नाव जोसेफ मेस्टर. दोन दिवसांपूर्वी शाळेच्या वाटेवर पिसाळलेल्या कुत्र्याने त्याला चौदा ठिकाणी चावले होते. त्याला नीट चालताही येत नव्हते.

पाश्चरपुढे मोठे धर्मसंकट उभे राहिले. तो रसायनशास्त्रज्ञ होता, वैद्य नव्हता. माणसाला सुई टोचण्याचा कायदेशीर अधिकार त्याला नव्हता. लस कुत्र्यांवर यशस्वी झाली होती, परंतु माणसावर? लस देऊन मुलगा दगावला तर सारे आयुष्य कलंकित होणार. न द्यावी तर मुलाचा मृत्यू जवळजवळ निश्चित. त्याने व्हुल्पियाँ आणि ग्रांशे या दोन वैद्यांचा सल्ला घेतला. दोघांनीही मुलाची आशा दुसऱ्या कोणत्याच मार्गाने नाही असे सांगितले. त्याच संध्याकाळी ग्रांशेने पहिली सुई टोचली. पुढे १६ जुलैपर्यंत एकूण तेरा वेळा लस देण्यात आली. दरवेळी ती आदल्या वेळेहून अधिक ताजी, अर्थात अधिक जहाल होती. मुलगा सशांशी खेळे, रात्री गाढ झोपे. झोप उडाली होती ती पाश्चरची. दिवस गेले, आठवडे गेले, मुलाला काही झाले नाही. हाच जोसेफ मोठेपणी पाश्चर संस्थेत द्वारपाल झाला आणि १९४० पर्यंत जगला.

ही लस चावल्यानंतर देऊनही गुण कसा येतो, असा प्रश्न चौकस विद्यार्थ्यांना पडेल. त्याचे उत्तर असे की विषाणू जखमेपासून मेंदूपर्यंत मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू जातो. तो वाटेत असतानाच लसीमुळे शरीरात प्रतिकारशक्ती निर्माण झाली, तर ती आधी पोचते. ही एक शर्यतच आहे, आणि म्हणूनच येथे एक दिवसाचाही विलंब महाग पडतो.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पाश्चरच्याच जुरा प्रांतातील पंधरा वर्षांचा झां-बाप्तिस्त ज्युपिल हा मेंढपाळ मुलगा आला. पिसाळलेला कुत्रा लहान मुलांवर धावून जाताना पाहून तो आडवा गेला होता. चाबकाच्या वादीने त्याने कुत्र्याचे तोंड बांधले आणि आपल्या लाकडी जोड्याने त्यास ठार केले. पण त्या झटापटीत त्याचे हात फाटले होते. तोही वाचला. पॅरिसच्या संस्थेच्या आवारात त्याचा कुत्र्याशी झुंजतानाचा पुतळा उभा आहे. राजेरजवाड्यांच्या पुतळ्यांत एका गरीब गुराख्याचा हा पुतळा आम्हांला विशेष मोलाचा वाटतो.

यश मात्र सर्वत्र आले असे नाही. लुईझ पेलेतिए या दहा वर्षांच्या मुलीला चावल्यानंतर सदतीस दिवसांनी आणण्यात आले. फार उशीर झाला हे पाश्चरला कळत होते. अपयश आले तर टीकाकार तुटून पडतील हेही कळत होते. तरी आईबापांच्या डोळ्यांतील आशा पाहून त्याने उपचार केले. मुलगी वाचली नाही. तिच्या अंथरुणाशेजारी तो बसून होता आणि बाहेर पडताना त्याला अश्रू आवरले नाहीत. १८८६ च्या मार्चमध्ये रशियातील स्मोलेन्स्कहून लांडग्याने फाडलेले एकोणीस लोक आले. त्यांपैकी सोळा जिवंत परत गेले.

थोरांच्या चरित्रात केवळ गुणगान करणे आम्हांस मान्य नाही. पाश्चरच्या खासगी टिपणवह्या १९७० च्या दशकात अभ्यासकांना पाहावयास मिळाल्या. त्यांवरून असे दिसते की मेस्टरला ज्या क्रमाने लस दिली तिचे कुत्र्यांवरील प्रयोग तोवर पुरे झालेले नव्हते, आणि काळपुळीची लस नेमकी कोणत्या रीतीने केली हेही त्याने उघड सांगितले नव्हते. रू हा त्याचा निकटचा सहकारीदेखील मेस्टरला लस देण्यास अनुकूल नव्हता. आजच्या काळात असे धाडस करण्याची कोणालाही अनुज्ञा मिळणार नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु जो मुलगा मृत्यूच्या दारी उभा होता त्याच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता, हेही तितकेच खरे.

अखेर

गरिबांच्या नाण्यांपासून रशियाच्या झारच्या देणगीपर्यंत जगभरातून द्रव्य जमले आणि १४ नोव्हेंबर १८८८ रोजी पॅरिसमध्ये पाश्चर संस्था उघडली. १८९२ साली त्याची सत्तरी मोठ्या थाटाने साजरी झाली. २८ सप्टेंबर १८९५ रोजी पॅरिसजवळ त्याचे देहावसान झाले. त्याचा देह त्याच्याच संस्थेच्या तळघरात चिरविश्रांती घेत आहे आणि तेथील भिंतींवर त्याच्या कार्याची, त्यांत कुत्र्यांचीही, चित्रे जडविलेली आहेत. त्याचा स्मृतिदिन जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो.

पाश्चरची परंपरा आपल्या देशात

पाश्चर स्वतः हिंदुस्थानात कधी आला नाही. परंतु त्याची विद्या आली. त्याच्या संस्थेत प्रथम ग्रंथालयात काम करणारा वाल्डेमार हाफकिन हा १८९३ साली पटकीची लस घेऊन येथे आला. १८९६ साली मुंबईत प्लेगचा कहर झाला तेव्हा त्याने ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्याच्या प्रयोगशाळेला पुढे परळ येथे जागा मिळाली आणि १९२५ साली तिला त्याचेच नाव देण्यात आले. १९९४ साली सुरतेवर प्लेगचे सावट आले तेव्हाचे दिवस आमच्या वडीलधाऱ्यांच्या स्मरणात आहेतच. उंदराच्या पिसवेवाटे माणसापर्यंत येणारा तो रोगदेखील हेच शिकवितो की प्राण्यांचे आरोग्य आणि माणसाचे आरोग्य ही दोन नव्हेत.

रेबीजच्या उपचारासाठी १९०० साली कसौली येथे आणि १९०७ साली कुन्नूर येथे पाश्चर संस्था निघाल्या. कसौली येथे डेव्हिड सेम्पल याने १९११ साली मेंढीच्या मेंदूपासून बनविलेली लस काढली. पोटात दिली जाणारी ती इंजेक्शने आजी-आजोबांनी अवश्य ऐकलेली असतील. त्यांच्या भीतीनेच कित्येकजण दवाखान्याची पायरी चढत नसत. २००४ च्या अखेरीस ती लस आपल्या देशात बंद झाली. आता पेशींवर वाढविलेली शुद्ध लस दंडात देतात. तिच्या चार-पाच मात्रा पुरतात आणि त्रासही थोडाच होतो.

विषाणूंची ये-जा

पाश्चरनंतर विज्ञान पुष्कळ पुढे गेले. १९०३ साली नेग्री या इटालियन शास्त्रज्ञाला रेबीजने मेलेल्या जनावराच्या मेंदूपेशींत विशिष्ट ठिपके आढळले. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने हा विषाणू बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा असल्याचे दाखविले. आता मृत जनावराच्या मेंदूचा अंश चमकणाऱ्या प्रतिपिंडांनी रंगवून काही तासांतच निर्णय देता येतो. पीसीआर या चाचणीने तर विषाणूचा अत्यल्प अंशही शोधता येतो. जेथे पाश्चरला सशाची पुष्कळ दिवस वाट पाहावी लागे, तेथे आज एका दिवसात उत्तर मिळते.

याच नव्या साधनांनी एक नवल उघडकीस आणले. रोग कुत्र्याकडून माणसाकडे येतो हे आपण जाणत होतो. आता माणसाचे विषाणूही कुत्र्यांत सापडू लागले. २०१२ साली फिनलंडमधील संशोधकांना पाळीव कुत्र्यांच्या विष्ठेत माणसाला जुलाब-वांत्या करणारा नोरोव्हायरस आढळला. २०२० च्या फेब्रुवारीत हाँगकाँगमध्ये करोनाग्रस्त मालकाच्या घरातील कुत्र्यात करोनाचा विषाणू सापडला. आपला आजार आपण आपल्या मुक्या सोबत्यासही देऊ शकतो, असा याचा अर्थ. परंतु विषाणू सापडणे म्हणजे रोग होणे नव्हे, आणि रोग होणे म्हणजे तो पुढे पसरणे नव्हे, हे तीन निराळे टप्पे आहेत. करोना कुत्र्यांत शिरला, पण त्यांच्यामार्फत माणसांत पसरला नाही. त्यामुळे भीतीने पाळीव कुत्री घराबाहेर हाकलणे हा अविचार होय. दुसऱ्या बाजूने पाहता, १९७८ च्या सुमारास मांजरवर्गीय प्राण्यांच्या एका विषाणूशी नाते असलेला पार्व्हो हा विषाणू कुत्र्यांत बस्तान बसवून थोड्याच काळात जगभर पसरला. अर्थात प्रत्येक वेळी चाचणी करून, पुरावा पाहूनच निष्कर्ष काढावा लागतो. पाश्चरची शिकवण तीच होती.

आपले कर्तव्य

एवढी विद्या हाती असूनही जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे रेबीजने मरतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांत पंधरा वर्षांखालील मुलांचे प्रमाण फार मोठे आहे आणि बहुतेक सर्वांना तो रोग कुत्र्यापासून झालेला असतो. उपाय नाही म्हणून नव्हे, तर उपाय वेळेवर घेतला नाही म्हणून हे बळी जातात. खानदेश व डांगकडून ऊसतोडणीस येणारी कुटुंबे मळ्याशेजारी उघड्यावर निजतात. त्यांची मुले कुत्र्यांसोबत वाढतात. चावलेले मूल मजुरी बुडेल म्हणून घरीच राहते, किंवा मार ब���ेल या भयाने चावा लपवूनच ठेवते. अशा ठिकाणी शाळेत शिकणाऱ्या मुलानेच जाणत्याचे काम केले पाहिजे.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, एवढे ध्यानी धरा. कुत्रा, मांजर वा माकड चावले किंवा ओरबाडले तर ती गोष्ट घरी ताबडतोब सांगावी. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पुरती पंधरा मिनिटे धुवावी. तिच्यावर मिरचीपूड, चुना, हळद, तेल काही लावू नये. मंत्र-गंड्याच्या नादी लागू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी आणि सांगितलेल्या सर्व मात्रा पुऱ्या कराव्यात. जखम खोल असेल तर डॉक्टर जखमेभोवती निराळे औषधही टोचतात. ते टाळू नये. आपल्या घरच्या कुत्र्याला दरवर्षी लस टोचून घ्यावी.

कुत्रे मारून हा रोग जात नाही. कुत्र्यांना लस देऊन जातो. गोव्यात हे दिसून आले आहे. तेथे वर्षानुवर्षे कुत्र्यांना मोठ्या प्रमाणावर लस देण्यात आली आणि शाळाशाळांतून मुलांना शिक्षण देण्यात आले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तेथील कुत्र्यांतील रेबीज ९२ टक्क्यांनी घटला आणि माणसांचे मृत्यू थांबले. जे गोव्यास साधले ते सुरत जिल्ह्यास का साधू नये?

कातडी कमावणाऱ्याच्या मुलाने एका लहानशा गावी पिसाळलेल्या लांडग्याच्या बळींचा आक्रोश ऐकला आणि पन्नास वर्षांनी त्यावर उपाय शोधला. आपणांपैकी प्रत्येकाला पाश्चर होता येणार नाही. परंतु चावा घेतलेल्या एखाद्या मजुराच्या पोराचा हात धरून त्याला दवाखान्यात नेणे हे आपणांपैकी प्रत्येकाला शक्य आहे. तेवढे केले तरी या थोर पुरुषाचे चरित्र वाचल्याचे सार्थक होईल, अशी आमची श्रद्धा आहे.